माथेरानला गाडी घेऊन निघालात? पार्किंग आणि घाटातल्या कोंडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की नेरळमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचा फोन वाजायला लागतो. दादरचे काका, पिंपरीची मावसबहीण, ऑफिसातला जुना सहकारी, सगळ्यांचे प्रश्न तेच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं आहे. पार्किंगचे आणि टॅक्सीचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलत राहतात आणि नाक्यावर फलक असतो, तो वाचावा.

गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जाते का?

नाही. तुमची जात नाही, हॉटेलमालकाचीही जात नाही. नेरळपासून सात-आठ किलोमीटर घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी जाते आणि तिथे थांबते. पुढे बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच-तीन किलोमीटर आहेत. ते पायी, शटल गाडीने (म्हणजे छोट्या रेल्वेने), ई-रिक्षाने किंवा घोड्यावरून जायचे. दुचाकीलाही पुढे बंदी आहे. गावात राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलीसुद्धा दस्तुरीलाच उभ्या असतात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब यांना सूट आहे.

बुकिंग करताना हॉटेलच्या जाहिरातीत ‘पार्किंग उपलब्ध’ असं दिसलं तर त्याचा अर्थ दस्तुरीचं सार्वजनिक वाहनतळ, एवढाच घ्यायचा.

ही बंदी कोणी घातली? उठणार आहे का?

माथेरानमध्ये मोटार कधी आलीच नाही, हे आधी ध्यानात घ्या. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आले, पुढे साहेबांचे बंगले झाले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. गाव वसलं ते घोडे, डोल्या आणि हातरिक्षा यांच्या मापाने. गल्ल्या अजून त्याच मापाच्या आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि वाहनबंदीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. ती उठेल अशी वाट बघू नका. उठू नये असं माझं मत आहे, आणि दस्तुरीच्या पुढे जांभ्याच्या लाल वाटेवर पाच मिनिटं चाललात तर तुमचंही होईल.

गावात गाड्याच नाहीत, मग कोंडी कसली?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

लोकांना वाटतं घाट अरुंद आहे म्हणून कोंडी होते. घाट अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत, खरंच. पण आडवारी, मंगळवारी-बुधवारी, त्याच घाटातून गाड्या अर्ध्या तासाच्या आत वर जातात. शनिवारी सकाळी अकराला तोच प्रवास दोन तासांवर जातो, क्वचित त्याहून जास्त. रस्ता तर तोच आहे. फरक पडतो तो वर दस्तुरीला गाडी ठेवायला जागा आहे की नाही, याने. घाटात दिसते ती रांग पार्किंगची असते. तिचं तोंड दस्तुरीच्या फाटकाशी असतं आणि शेपूट वाढत वाढत खाली नेरळच्या दिशेने येतं.

आता दस्तुरीचं गणित बघा. जागा डोंगरमाथ्यावरची, भोवती जंगल, तीही वन खात्याच्या अखत्यारीतली. वाटेल तेवढी वाढवता येत नाही. लग्नाची पंगत जशी आधीची उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तसंच इथे. आणि इथली पहिली पंगत शनिवारी सकाळी बसते ती रविवारी दुपारी उठते, कारण आलेला माणूस मुक्कामाला आलेला असतो. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत वाहनतळ एकदा भरलं की दिवसभरात फारशा जागा मोकळ्या होत नाहीत. त्यानंतर येणारी प्रत्येक गाडी कोणाच्या तरी निघण्याची वाट बघत घाटात उभी.

याच्या शेजारी नेरळची टॅक्सी ठेवून बघा. ती प्रवासी घेऊन वर येते, पाच-दहा मिनिटांत उतरवते आणि खाली जाते. दिवसातून कितीतरी वेळा. तिला मुक्कामाची जागा लागत नाही. तुमच्या-आमच्या खासगी गाडीत चार माणसं येतात आणि ती गाडी चोवीस तास जागा अडवते. एका खासगी गाडीच्या जागेवर दिवसभरात टॅक्सीने किती माणसं उतरली असती, हा हिशेब कोणी फलकावर लावला तर बरं होईल.

त्यात कडेला लावलेल्या गाड्या. वाहनतळ भरलं की लोक घाटाच्या कडेला, वळणाच्या पोटात, जिथे चाकं टेकतील तिथे गाडी लावतात. दोन गाड्या जेमतेम एकमेकांना ओलांडतील असा रस्ता एका गाडीचा होतो. मग वरून उतरणारी टॅक्सी आणि खालून चढणारी गाडी समोरासमोर. मागे रांग असल्याने दोघांनाही मागे सरकता येत नाही. या एका गाठीने सगळा घाट अडकतो.

कोणत्या दिवशी हमखास अडकायला होतं?

पावसाळ्यातले, त्यातही जून-जुलैचे शनिवार-रविवार. सोमवार किंवा शुक्रवार जोडून आलेली सुट्टी. दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते ३१ डिसेंबर, मे महिन्यातले शनिवार. १५ ऑगस्ट आठवड्याच्या कडेला आला तर काही विचारायलाच नको.

किती वाजता निघावं?

नेरळ सकाळी आठच्या आत सोडा. शनिवारी नऊनंतर नशिबाचा खेळ, दहानंतर नशीबही नाही. शुक्रवारी संध्याकाळी येणं चांगलं, पण अंधार पडायच्या आत दस्तुरीला पोचाल असं बघा. रात्री शटल बंद झालेली असते आणि जंगलातून सामान घेऊन तीन किलोमीटर चालावं लागतं. टॉर्च लागतेच, मोबाइलच्या उजेडावर भागत नाही.

वाहनतळ भरलं आहे हे खालीच कसं कळेल?

खात्रीशीर सोय नाही आणि हेच सगळ्यात चीड आणणारं आहे. गर्दीच्या दिवशी पोलीस नेरळकडे किंवा घाटाच्या सुरुवातीला गाड्या थांबवतात, पण तोवर बऱ्याच गाड्या वर गेलेल्या असतात. मॉलच्या तळघरात किती जागा शिल्लक आहेत ते दारावरच दिव्यांच्या आकड्यात दिसतं. तसा एक आकडा नेरळच्या नाक्यावर दिसला तर निम्मे लोक तिथेच गाडी ठेवून टॅक्सी पकडतील. तोपर्यंत आपला उपाय साधा: आदल्या दिवशी आणि निघताना हॉटेलला फोन करून ‘दस्तुरीला काय परिस्थिती?’ असं विचारा. त्यांना बरोबर माहीत असतं, कारण त्यांचेच पाहुणे घाटातून त्यांना फोन करत असतात.

घाटाच्या कडेला गाडी लावली तर?

दंड होतो, गाडी उचललीही जाते. पण दंडाचं सोडा. पावसात त्या कडांवरून दगड-माती खाली येते. दुसरं म्हणजे याच रस्त्याने रुग्णवाहिका खाली उतरते. माथेरानमध्ये प्राथमिक उपचार होतात. मोठं काही झालं तर रुग्णाला घाट उतरवूनच न्यावं लागतं. वळणावर लावलेली तुमची गाडी त्या वेळी कोणाच्या वाटेत असेल सांगता येत नाही.

माझी गाडी हा घाट चढेल का?

चालू स्थितीतली कुठलीही गाडी चढते. प्रश्न चालवणाऱ्याचा असतो. सात-आठ किलोमीटरमध्ये सातेकशे मीटर उंची गाठायची आहे, आणि बरीचशी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. रस्ता मोकळा असेल तर काही वाटत नाही. कोंडीत मात्र चढावर थांबायचं, पुन्हा उचलायची, पुन्हा थांबायचं. पाच माणसं, डिकीत बॅगा, वर एसी चालू. नवशिक्या माणूस हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो आणि थोड्या वेळात जळक्या क्लचचा वास सगळ्या रांगेला येतो. शनिवारी दुपारी हा वास आला नाही असं सहसा होत नाही. मग ती गाडी बाजूला घेणं, बाजूला जागा नसणं, मेकॅनिकला खालून बोलावणं, आणि त्यालाही याच रांगेतून वर यावं लागणं.

आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय पटत नाही. गाडी मागे घसरते म्हणून आतला एक जण उतरतो, कडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावतो. गाडी सुटते, सगळे आनंदाने पुढे जातात, दगड रस्त्यात तसाच. असे वीटभर आकाराचे दगड वळणावळणावर पडलेले असतात. धुक्यात मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही. दगड लावलात तर उचलून कडेला टाका, एवढं एक केलंत तरी खूप.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा नियम आहे आणि कायद्यातही आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. आमच्या टॅक्सीवाल्यांना तो तोंडपाठ आहे. मोठ्या शहरातून आलेल्या मोठ्या गाड्यांना तो कोणी सांगितलेला नसतो.

चढावर गाडी सुरू करण्याचा सराव नसेल तर गाडी नेरळलाच ठेवा. यात कमीपणा काही नाही.

दस्तुरीला रात्रभर गाडी सुरक्षित राहते का?

सहसा राहते. पैसे भरल्याची पावती घ्या आणि जपून ठेवा, निघताना मागतात. चोराच्या आधी माकडांचा बंदोबस्त करा. काच दोन बोटं उघडी राहिली आणि आत वेफर्सचं पाकीट दिसलं की काम झालं. वायपरचं रबर ओढणं आणि आरसा वाकवणं हे तर त्यांचं रोजचंच. सगळ्या काचा बंद, खाण्याचं काही दिसेल असं ठेवू नका. पावसाळ्यात झाडाखाली गाडी लावू नका, फांद्या पडतात.

दस्तुरीपासून पुढे काय?

उतरलात की आधी प्रवासी कराची पावती फाडायची. मग चार पर्याय.

चालत: चाळीस-पन्नास मिनिटं, बहुतेक वाट सावलीतली, चढ फारसा नाही. बॅग पाठीवरची हवी. चाकांची बॅग मातीत आणि रुळांच्या खडीत ओढत नेणारी माणसं बघवत नाहीत. सामान जास्त असेल तर हमाल मिळतात, पैसे आधी ठरवा.

शटल गाडी: दस्तुरीपासून चार पावलांवर अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत छोटी रेल्वे वीसेक मिनिटांत नेते आणि थेट बाजारात उतरवते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातला भाग बंद ठेवतात, पण ही शटल बहुधा चालू असते. आगाऊ आरक्षण नाही, खिडकीवर रांग लावायची. डबे मोजके, त्यामुळे गर्दीत पहिल्या फेरीत जागा मिळेलच असं नाही.

ई-रिक्षा: आहेत, संख्या कमी आहे, रांग असते.

घोडा: माथेरानात परवान्याचे साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत. हौस असेल तर जरूर बसा. पण गावात शिरायला घोडाच लागतो, असं मात्र काही नाही.

“गाडी बंद आहे, चालत जाता येत नाही, घोडाच घ्यावा लागेल” असं कोणी सांगितलं तर?

तर हसून ‘नको दादा’ म्हणा आणि अमन लॉजची खिडकी गाठा. गाडीचं इंजिन बंद व्हायच्या आत काचेत डोकं घालून बोलणारी माणसं दस्तुरीला भेटतात. सगळे तसे नसतात, पण जे असतात त्यांनी गावाचं नाव पुरतं खराब केलं. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या या फसवणुकीला कंटाळून खुद्द माथेरानकरांनीच बेमुदत बंद पुकारला होता. दुकानं, हॉटेलं, सगळं बंद. प्रशासनाशी बोलणी झाल्यावर तो मागे घेतला गेला. पर्यटकांवर जगणाऱ्या गावाने पर्यटकांच्या बाजूने स्वतःचं दुकान बंद ठेवलं, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

हातरिक्षा आणि ई-रिक्षा यांचा वाद नेमका काय आहे?

माणसाने ओढायची हातरिक्षा माथेरानात वर्षानुवर्षं चालत आली. परवाने ९४. ओढणाऱ्यांनीच मागणी केली की आम्हाला हे अमानुष काम नको, बॅटरीवरची रिक्षा द्या. वाहनबंदीमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा रस्त्यावर आल्या. पुढे या संवेदनशील क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सनियंत्रण समितीने २० ई-रिक्षा पुरेशा आहेत असं ठरवलं. २० पुरेशा आहेत का, हे शनिवारी दस्तुरीला रांगेत उभं राहून ठरवावं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. त्यासाठी गुजरातेतल्या केवडियाच्या भाड्याने ई-रिक्षा देण्याच्या पद्धतीचा दाखला दिला. त्याच निकालात दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत, असंही म्हटलं आहे.

याचा पार्किंगशी संबंध आहे, आणि थेट आहे. दस्तुरी ते बाजार हा शेवटचा टप्पा जितका कष्टाचा आणि बेभरवशाचा, तितका माणूस गाडी शक्य तेवढी जवळ नेण्याचा हट्ट धरतो. तो टप्पा सोपा झाला तर गाडी नेरळला ठेवायलाही तो तयार होईल.

आई-बाबांना गुडघेदुखी आहे. त्यांना कसं न्यायचं?

सोमवार ते गुरुवार न्या. निम्मं उत्तर तिथेच झालं. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी, तिथून शटल किंवा ई-रिक्षा. हॉटेल बाजाराजवळचं घ्या. लांब पॉइंटांजवळचे बंगले फोटोत सुंदर दिसतात, पण स्टेशनपासून तिथवर पुन्हा चालणं आलं. बुकिंगच्या वेळी ‘माथेरान स्टेशनपासून चालत किती मिनिटं?’ एवढंच विचारा आणि जे उत्तर मिळेल त्यात दहा मिनिटं मिळवा.

गाडी नेरळलाच ठेवली तर?

माझं मत विचाराल तर गर्दीच्या दिवशी हेच करावं. स्टेशनच्या आसपास पैसे देऊन गाडी ठेवता येते. अडचण एवढीच की रोज मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांच्या गाड्याही तिथेच असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे जागा कमी आणि सुट्टीला त्या मानाने जास्त. आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट नाही, हे नशीब. नेरळच्या बाजाराचा रस्ता मात्र चिंचोळा आहे, तिथे ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गाडी सोडून जाऊ नका.

स्टेशनबाहेर टॅक्सी मिळतात. सीटवर पैसे घेतात, गाडी भरली की सुटते. पूर्ण टॅक्सीही करता येते. हे चालक दिवसातून किती वेळा घाट चढतात त्यांनाच माहीत, त्यामुळे कुठल्या वळणावर कोणाला थांबू द्यायचं हे ते हॉर्नच्या आवाजावरून ठरवतात. कोंडी असली तर टॅक्सीही अडकतेच, खोटं का बोला. पण वर पोचल्यावर तुम्हाला जागा शोधत फिरावं लागत नाही, आणि फारच अडकली तर शेवटचा टप्पा उतरून चालता येतो. स्वतःची गाडी घाटात सोडून तसं जाता येत नाही.

ओला-उबर मिळते का?

वर सोडायला एखादी तयार होते. परतीला दस्तुरीवर मिळेल या भरवशावर राहू नका.

गाडी न घेता मुंबईहून, पुण्याहून कसं यायचं?

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरायचं. सीएसएमटीहून दोन तासांच्या आतबाहेर. पुण्याहून सिंहगड एक्सप्रेससारखी कर्जतला थांबणारी गाडी, मग कर्जतहून मुंबईकडची लोकल: पहिलं स्टेशन भिवपुरी रोड, दुसरं नेरळ. चालायची आवड असेल तर भिवपुरीकडून गारबेटवरून किंवा पनवेलच्या बाजूने धोदाणीवरून डोंगर चढूनही माथेरानला येता येतं. त्या वाटांवर कोंडी नाही, पण पावसाळ्यात निसरडं असतं. वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा.

नेरळहून थेट मिनी ट्रेन आहे ना? तिने सगळा प्रश्न सुटायला हवा.

आहे, पण तिच्यावर गर्दीचा भार टाकता येत नाही. रूळ फक्त ६१० मिलिमीटर रुंदीचे, वळणं वेडीवाकडी, घाट चढायला अडीच तासांहून जास्त वेळ, दिवसाला मोजक्या फेऱ्या आणि मोजके डबे. पावसाळ्याचे साधारण चार महिने ती बंद. शिवाय हा डोंगर रूळ जागेवर राहू देत नाही. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा उखडला, तो पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं बघत, खिडकीतून हात बाहेर काढून जायचं असेल तर तिच्यासारखी मजा नाही. वेळेत पोचायचं असेल तर मात्र टॅक्सी.

वाहनतळ मोठं का करत नाहीत? बहुमजली बांधा की.

प्रत्येक अडकलेल्या माणसाला घाटात हीच कल्पना सुचते. दस्तुरीला आणखी दोनशे गाड्यांची जागा केली असं धरा. पुढच्या शनिवारी त्या दोनशे जागा भरतील आणि घाटातून दोनशे गाड्या जास्त चढतील. घाट तेवढाच. झाडं तोडावी लागतील ती वेगळी, आणि संवेदनशील क्षेत्रात तशी परवानगी मिळणं कठीण. वाहनतळ वाढवायचंच असेल तर खाली नेरळला वाढवा आणि वर फक्त टॅक्सी, मिनीबस सोडा.

हे स्वप्नरंजन नाही. स्वित्झर्लंडमधलं झरमॅट हे गाव असंच मोटारमुक्त आहे. तिथे गाड्या अलीकडच्या टेश गावात ठेवतात. सुमारे २,१०० गाड्यांचं छत असलेलं वाहनतळ, त्याला जोडून स्टेशन, दर वीस मिनिटांनी गाडी, बारा मिनिटांत झरमॅट. म्हणजे त्यांनी गाडी दरीतच थांबवली आणि पुढचा प्रवास सोपा केला. आपण गाडी डोंगरावर चढू दिली आणि पुढचा प्रवास अवघड ठेवला. लांब जायला नको असेल तर शबरीमला घ्या. २०१८ च्या पुरानंतर तिथे खासगी गाड्या निलक्कलला थांबवून पुढे पंपेपर्यंत केरळच्या एसटीने न्यायची पद्धत सुरू झाली. लाखोंची गर्दी असते तिथे.

ऊटीसारखा ई-पास इथे आणता येईल का?

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ऊटी आणि कोडाईकनालला ई-पास लागतो. एप्रिल २०२५ पासून हंगामात गाड्यांची मर्यादाही आली: ऊटीला आडदिवशी ६,०००, सुट्टीच्या दिवशी ८,०००, कोडाईकनालला ४,००० आणि ६,०००. माथेरानला हे करणं ऊटीपेक्षा सोपं आहे, कारण गाडीने वर यायला रस्ता एकच. व्यापाऱ्यांची भीती अशी की पासाच्या कटकटीने लोक लोणावळ्याला वळतील. मला तसं वाटत नाही. घाटात तीन तास अडकलेला माणूस परत येत नाही, ही भीती त्याहून खरी आहे.

मग महाबळेश्वर, लोणावळ्यातही गाड्या बंद करता येतील?

सरसकट नाही. लोणावळ्याच्या पोटातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, तिथे फक्त पर्यटकांची वाहतूक नाही. महाबळेश्वरचे पॉइंट एकमेकांपासून मैलोन्मैल पसरलेले, आर्थर सीटला चालत कोणी जाणार नाही. पण महाबळेश्वरची बाजारपेठ संध्याकाळी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवणं आणि गाड्या बाहेर थांबवणं शक्य आहे. माथेरानची बाजारपेठ एकदा संध्याकाळी बघून यावी. चिक्की घेणाऱ्या माणसाला मागून हॉर्न ऐकू येत नाही, तरी धंदा जोरात चालतो.

कोंडीचा गावातल्या लोकांना काय त्रास?

पर्यटकाचे दोन तास जातात, त्यांचा आठवडा बिघडतो. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती साडेचार हजाराच्याही आत, पण तिचं सगळं खालून येतं: भाजी, दूध, गॅस सिलिंडर, सिमेंट. ते टेम्पोने दस्तुरीपर्यंत, तिथून घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. शनिवारी टेम्पो घाटात अडकला की दुपारच्या जेवणाची कोथिंबीर संध्याकाळी पोचते. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सिलिंडर बांधून नेताना घोडेवाला त्याच्याशी सतत बोलत असतो, कारण मागून येणाऱ्या घोळक्यातलं कोणीतरी फोटो काढायला आडवं येणार हे त्याला ठाऊक असतं. खाली नेरळकरांचंही तेच. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गावात दवाखान्यात जायचं तर आम्ही पायी निघतो.

रविवारी परत कधी निघावं?

जेवणाच्या आधी, बारापर्यंत दस्तुरी सोडा. तीननंतर सगळे एकदम उतरतात आणि कर्जत-कल्याण रस्त्यावर नेरळच्या चौकात पुन्हा अडकायला होतं. निघायला उशीर झालाच तर घाई करू नका, सातनंतर उतरा. मधल्या वेळेत गावात चहा घ्या, पण शेवटच्या शटलची वेळ खिडकीवर विचारून ठेवा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापलेले असतात.